रिंगांची सरळ टोकं

बाबा, आज मी दिवसभर तुमच्यावर चिडलेली आहे, आणि भांडायला तुम्ही समोर नाही म्हणून जास्तच चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. आपण सगळे दोन खोल्यांत राहत होतो, काही सांगायचं असलं तर मान वळवली की झालं. आता सांगायला कोणी नाही, म्हणून ऑफिसातून आल्यावर चहासुद्धा न घेता लिहायला बसले आहे. आई एकदा डोकावून गेली. तिला वाटतंय मी अहवालच लिहिते आहे.

उमरेड रोडवरचं मुलींचं वसतिगृह. तुम्ही तिथं लोखंड बांधलं तेव्हा मी इंजिनीयरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. पुढं आजीला भेटायला उमरेडला निघालो आणि एसटी त्या इमारतीवरून गेली, की तुम्ही शेजारच्या अनोळखी माणसालासुद्धा सांगायचात, "हे दिसून राहिलं ना, याच्या कॉलममधली एकेक रिंग माह्या हातची हाय." मी लाजून दुसरीकडे बघायचे. तर त्या संस्थेला आता वर आणखी दोन मजले चढवायचे आहेत, आणि जुने कॉलम ते वजन घेतील का, हे तपासायचं काम आमच्या ऑफिसकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. खरं सांगते, मी खूश झाले होते. सरांना म्हणालेही, की कॉलमची काळजी नको, तिथलं लोखंडाचं काम चोख आहे. मला कसं माहीत, हे मात्र सांगितलं नाही.

आम्ही नेमकं काय करतो ते तुम्हाला समजावून सांगायचं राहूनच गेलं. कॉम्प्युटरमध्ये अख्खी इमारत उभी करतो आणि तिला हळूहळू बाजूनं ढकलत नेतो, कुठं मोडते ते बघायला. कॉलम दाबला गेला की आतलं काँक्रीट बाहेर फुगू पाहतं. उभ्या सळयांभोवती जवळजवळ बांधलेल्या रिंगांनी त्याला आवळून धरलं, तर ते कितीतरी जास्त भार घेतं, आणि मोडायची वेळ आलीच तरी एकदम मोडत नाही, माणसांना बाहेर पडायला वेळ देतं. म्हणून प्रोग्रामला सांगावं लागतं, की सळयांवरचं बाहेरचं दोन बोटं काँक्रीट, म्हणजे कव्हर, साधं समज आणि रिंगांच्या आतलं काँक्रीट आवळलेलं समज. तो विचारतो रिंगेची जाडी किती, दोन रिंगांमधलं अंतर किती, लोखंडाची ताकद किती. आकडे दिले की आवळलेल्या काँक्रीटच्या ताकदीची छान उंच रेघ काढून देतो. रिंगेची टोकं कुठं वळवली आहेत, हे मात्र हा शहाणा विचारतच नाही. टोकं हुकासारखी आत, कॉलमच्या पोटात वळवलेली असली तरच ती रिंग आवळून धरते. नुसती काटकोनात वाकवून पुढं सरळ कव्हरमध्येच सोडली असली, तर धक्क्यानं कव्हर गळून पडतं आणि रिंग उघडते. मग आवळणार कोण? प्रोग्रामच्या लेखी दोन्ही रिंगा सारख्याच.

मागच्या मंगळवारी पार्किंगमधल्या एका कॉलमचं कव्हर छिन्नीनं फोडून घेतलं. आधी एक रिंग दिसली, मग दुसरी, मग तिसरी. टेप लावला. बरोबर चार-चार इंच, एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. तारेची गाठ दोन वेढ्यांची, तुमचीच. आणि टोकं काटकोनात, सरळ कव्हरमध्ये. आणखी पाच कॉलम फोडले, पाचही तसेच. मी तिथंच एका विटेवर बसले. बाबा, अंतर चुकलं असतं, गाठी सैल असत्या, तर मला इतका राग आला नसता. एवढं देखणं काम करायचं आणि शेवटचं बोटभर वाकवायचं सोडून द्यायचं! संस्थेनं त्या वेळच्या ठेकेदाराच्या सुपरवायझरला बोलावून घेतलं होतं, आता म्हातारा झालाय. तो हात झटकून म्हणाला, "त्या वक्ताचे फिटर तसेच राहत होते मॅडम. अंगठेछाप. त्यायले काय समजते हूक-बिक?" मी टेप गुंडाळत राहिले. हा अंगठेछाप माणूस माझा बाप होता, एवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. त्याचाही राग आज तुमच्यावरच काढते आहे.

तुम्ही तसे नव्हतात हो. पहिल्या वर्षाला असताना मी तुमचा डबा घेऊन साइटवर आले होते आणि बांधून ठेवलेल्या स्लॅबच्या सळयांवरून तशीच चालत सुटले. तुम्ही पलीकडून ओरडलात, "अवं, खाली पाहून चाल! सळई दबली तं मांगून कोण उचलन?" सगळे फिटर हसले. मी डबा तिथंच ठेवून रडत घरी आले. संध्याकाळी तुम्ही सीताबर्डीहून कॅल्क्युलेटर घेऊन आलात, कॉलेजात सगळ्यांकडे होता तसा. खोक्यावर तुमच्या बोटांचे गंजाचे ठसे उमटले होते. चुकलो असं तुम्ही म्हणाला नाहीत, मीही नाही म्हणाले. जेवताना तुम्ही चार आकड्यांची बेरीज करून बघितलीत आणि "बरोबर सांगते बाप्पा" म्हणालात. तुमचं लहानपण उमरेडला आजोबांच्या हातमागावर गेलेलं. तुटलेला धागा जोडणारी ती बोटं तारेवरही तशीच चालायची. अशा माणसानं टोकं सरळ का सोडावीत, हे मी आठवडाभर भिंतीला, छताला, गाडीच्या आरशाला विचारते आहे.

त्यात ते मॉडेल. काँक्रीट आवळलेलं धरलं की सगळं सुरळीत, कॉलम पास, वरचे दोन मजलेही पास. आवळणं काढून टाकलं की काँक्रीटची रेघ वरून धाडकन खाली येते, प्रोग्रामला आकडे जुळवता येत नाहीत, आणि तो अर्ध्यातच थांबून लाल अक्षरांत हात वर करतो. ढकलण्याचे टप्पे लहान केले, परत चालवला, परत थांबला. आणखी लहान केले. तीन दिवस हेच. कीबोर्ड उचलून खिडकीबाहेर फेकावासा वाटला. काल सर खुर्ची ओढून शेजारी बसले.

"मॅडम, रिंगांचं अंतर बरोबर हाय ना?"

"हो."

"जाडी?"

"तीही बरोबर आहे."

"मंग? प्रोग्राम तुमाले हूक विचारून राहिला का? नाही ना? तं तुम्ही काहून सांगून राहिल्या? अन् आपल्या नागपुरात कुठं भूकंप येते?"

मी म्हटलं, "सर, वरच्या मजल्यांवर पोरी झोपणार आहेत."

"खालच्या मजल्यांवर आजही झोपूनच राहिल्या ना," ते म्हणाले आणि उठून गेले.

तेच तर, बाबा. आजही झोपतात. मी कॉलम फोडत होते तेव्हा जिन्यातून खाली येणारी एक मुलगी थांबून विचारत होती, "ताई, काही प्रॉब्लेम आहे का?" आणि मी तिला सांगितलं, नाही, फक्त तपासणी आहे.

आज दुपारी मॉडेल एकदाचं शेवटपर्यंत चाललं. काँक्रीट आवळलेलं मी कुठंच धरलं नाही. तळमजल्याचे कॉलम आहे तेच वजन जेमतेम पेलतात. वर मजले चढवणं तर सोडाच, आधी या कॉलमांनाच बाहेरून नवं लोखंड आणि काँक्रीट घालून मजबूत करावं लागेल, आणि ते होईपर्यंत मुलींना दुसरीकडे हलवावं लागेल. तसं लिहिलं आणि सही केली. सरांनी अहवाल चाळून परत दिला. निघताना एवढंच म्हणाले, "कारणाच्या रकान्यात कारागिराचा निष्काळजीपणा टाकून द्या. म्हणजे कोणी आपल्या अंगावर येत नाही." तो रकाना रिकामा ठेवून मी अहवाल घरी घेऊन आले.

आई स्वयंपाकघरात सांभाराची हिरवी जुडी निवडत बसली होती. मी पर्स टाकली आणि तिथंच उभ्यानं सुरू झाले. बाबांनी असं कसं केलं, एवढ्या चोख माणसानं हूक सरळ कसे ठेवले, कोणाला विचारायचं तरी होतं. ती काड्या बाजूला काढत ऐकत राहिली. मग म्हणाली, "पण त्यायनं तं तुलेच विचारलं होतं वं. रिंग घेऊन आले होते घरी. तू काय सांगतलं होतं त्यायले?"

मी म्हटलं, "मला नाही आठवत," आणि या खोलीत येऊन दार लोटून घेतलं.

मी दुसऱ्या वर्षाला आहे, आणि तेव्हाही स्वयंपाकघरच आहे. उद्या गणिताचा पेपर आहे, मी पाटावर बसून पुस्तकात डोकं घातलं आहे, आई तव्यासमोर आहे. तुम्ही दारात उभे आहात, हातात एक रिंग. "इकडं पाह्य वं. भूकंपानंतर लातूरकडं काम करून आलेला एक फिटर सांगून राहिला का टोक आत वळवाचं असते. नकाशात तं काहीच दाखवलं नाही. आत वळवलं का रिंग चढवाले तरास होते, पण करू. तू पुस्तकात पाहून सांग." ते पुस्तक माझ्याकडे नाही, कॉलेजच्या लायब्ररीत आहे. "परवा बघून सांगते," एवढं म्हटलं तरी पुरे आहे. मी मान वर करत नाही. "काही फरक नाही पडत बाबा. सरळच ठेवजा."

"पक्कं?"

"हो ना, पक्कं."

तुम्ही रिंग भिंतीला टेकवून ठेवता, हात धुता, आणि जेवायला बसताना आईला सांगता, "आता सायबानं विचारलं तं सांगतो, माह्या पोरीनं सांगतलं म्हणून. इंजिनीयर हाय ते." त्या दिवशी तुम्ही एक भाकर जास्त खाल्ली होती.

कारणाच्या रकान्यात मी आता लिहिलं आहे, की हुकाची दिशा मूळ नकाशात दाखवलेली नव्हती, कारागिराचा दोष नाही. ते खरं आहे, आणि उद्या सरांनी कितीही आदळआपट केली तरी तेच राहील. त्यापुढचं एक वाक्य तिथं लिहिता आलं असतं, ते मी लिहिलं नाही. या कागदावर लिहिलं, जो कुठल्याच पत्त्यावर जायचा नाही. आई मघाशी चहा ठेवायला आली आणि दारातूनच विचारून गेली, "आठवलं का वं?" मी म्हटलं, "नाही."

बाबा, पहिल्या कॉलमची टोकं दिसली आणि मी विटेवर बसले ना, तेव्हाच मला आठवलं होतं.