फ्री थ्रोच्या वेळचा ढोल

हामानो,
२० जानेवारी

चि. तेप्पेई यास,
अ. उ. आ.

इकडे सर्व क्षेम. बर्फ खिडकीच्या वर आलंय आणि बाबा बाहत्तराव्या वर्षीही फावडं घेऊन स्वतःच छपरावर चढतात. मी ओरडले, तर म्हणाले, तू आपले सुके मासे विक, छप्पर माझं आहे. सोबतच्या खोक्यात हाताहाता जातीचे मासे पाठवलेत, मिठातले. काटे नीट काढून खा. लहानपणी तुझ्या घशातला काटा मीच काढला होता, आता माझा हात तिथवर पोचायचा नाही.

खरी बातमी वेगळीच आहे. आपल्या ‘उमिनेको’ बास्केटबॉल संघाचा हॉल बंद होतोय. लीगला मोठा हॉल हवा, आपल्याकडे खुर्च्या अठराशे. पुढच्या मोसमापासून संघ दोन तासांवरच्या शहरात जाणार. नाव मात्र उमिनेकोच ठेवणार म्हणे. तिथे समुद्रच नाही, मग हे म्याँव म्याँव करणारे समुद्रपक्षी तिथे काय खाणार, असं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारते. शेवटचा सामना २० एप्रिलला, रविवारी दुपारी. त्या दिवशी जुन्या खेळाडूंना एकेक करून नावानं पुकारणार आहेत. तू आठ वर्षं या संघाचा होतास. तुला निमंत्रण आलंच असेल, आणि तू ते वर्तमानपत्रांच्या रद्दीत सारलं असशील.

तू ये. त्या सामन्यापासून तीन वर्षं झाली, तू या घराचा उंबरा ओलांडला नाहीस. त्या दिवसाबद्दल आपण कधी धड बोललो नाही, म्हणून आज लिहिते. आपला जुना खेळाडू पाहुण्या संघातून आला, तर त्याचे पहिले दोन फ्री थ्रो आख्ख्या हॉलनं गप्प राहून पाहायचे, ही रीत बाबांनीच पाडली. एरवी पाहुण्यांच्या फ्री थ्रोला ढोल आणि म्याँव यांनी कान किटतात. पण घरून गेलेल्याला तेवढा मान. सोळा वर्षांत अकरा जणांना तो मिळाला. बारावा तू होतास, मिनाओ संघाच्या लाल जर्सीत. तू रेषेवर उभा राहिलास, हॉल चिडीचूप झाला, आणि एकटा बाबांचा ढोल वाजत राहिला. तुझे दोन्ही चेंडू हुकले. आपण एका गुणानं जिंकलो आणि कुणाला धड हसताही आलं नाही.

परतताना गाडीत बाबा एवढंच म्हणाले, की स्वतःच्या पोरासाठी मान मागून घ्यायचा का? त्यानंतर त्यांनी ढोलाला हात लावलेला नाही. काठ्या पिशवीत घालून सामन्याला नेतात, सगळ्यात वरच्या रांगेत बसतात आणि तशाच परत आणतात. ढोल आता शिगेतो न्हावी वाजवतो. त्याला ताल म्हणून नाही.

उत्तर लवकर लिही. बहिणीवर रागावलेला नाहीस एवढं तरी कळू दे.

तुझी ताई,
चिझुरु


मिनाओ,
९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मासे पोचले. दोन दिवसांत संपवले, काटे मोजून काढले. शेजारच्या म्हातारीला चार दिले, तर ती म्हणाली, असली बहीण असताना तू इथे कशाला राहतोस?

२० एप्रिलला मला जमणार नाही. मी ज्या मुलांना खेळ शिकवतो त्यांची त्याच दिवशी स्पर्धा आहे. संघाला तसं कळवलंय.

बाकी जे लिहिलंस ते मला पाठ आहे. अठराशे माणसं गप्प असताना एकच ढोल वाजतो, तेव्हा तो ढोल नसतो ताई, चारचौघांत बापानं दिलेली थोबाडीत असते. त्या मोसमाअखेर मिनाओनं मला सोडलं, आणि लोक मला अजून ‘तो, बापाच्या ढोलानं चुकलेला’ म्हणून ओळखतात. बाबांनी तीन वर्षांत एक फोन केला नाही. मीही केला नाही, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणतो.

छपरावर त्यांना चढू देऊ नकोस. तुझं गुडघ्याचं औषध चालू ठेव. लोभ आहेच, तो असाच ठेव.

तुझा,
तेप्पेई


हामानो,
२ मार्च

चि. तेप्पेई यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. स्पर्धा आहे म्हणतोस, तर असेल.

आता माझं ऐक. त्या सामन्याच्या सकाळी बाबांनी जेवणाच्या टेबलाशी काठ्यांना तेल लावायला घेतलं होतं. मी भात वाढता वाढता म्हणाले, आज काय बाबा, ढोल कुणाच्या बाजूचा? वाढपी घरचा असल्यावर पोराच्या पानात जास्तच पडायचं! मी हसले. बाबा हसले नाहीत. भात अर्धा टाकून उठले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. माझी जीभ तुला ठाऊक आहे, समोरच्याला लागलं की नाही हे बघायला थांबत नाही. तीन वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. तुला राग धरायचाच असेल, तर अर्धा माझ्या वाट्याला दे.

तरी ये. नाहीतर निदान त्यांना दोन ओळी लिही.

ताई


हामानो,
२१ एप्रिल

चि. तेप्पेई यास,
अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. तुझी आई असताना तीच लिहायची आणि शेवटी माझं नाव घालायची. चूक भूल समजून घे.

काल शेवटचा सामना झाला. आपण नऊ गुणांनी हरलो. शिगेतोनं ढोल बरा वाजवला, घाई करतो एवढंच. मध्यंतरात जुन्या खेळाडूंची नावं पुकारली. चौदा जण आले होते, काहींची पोटं सुटलीत. तुझंही नाव पुकारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि खेळाडू येतात त्या बोगद्याच्या दाराकडे बघत बराच वेळ वाजवत राहिले. कुणी बाहेर आलं नाही. शेजारी बसलेल्या ओनोदेरानं माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त आपला चहाचा पेला माझ्या हातात दिला.

सामना संपल्यावर लोकांना मैदानावर उतरू दिलं. सगळे फोटो काढत होते. मी उत्तरेकडच्या बास्केटमागे गेलो, जिथे माझा ढोल असायचा. काठ्या मांडीवर घेऊन बसलो. फ्री थ्रोला पंच पाच सेकंद देतो. दोन फेकींचे मी दहा मोजले. हात हलवला नाही. तू नव्हतास, ते मला दिसत होतं. तरी मोजले. मग पुन्हा दहा मोजले, कारण पहिल्या वेळी माझा श्वास फार मोठ्यानं होत होता.

त्या दिवशी मला वाटलं, तुझ्यासाठी ढोल थांबवला तर लोक म्हणतील, रीत याच्या मुलासाठीच होती. लोक काही म्हणाले नसते. इतर अकरा मुलांना दिलं ते मी माझ्या मुलाला दिलं नाही. सत्तरीच्या माणसाला एवढी अक्कल असायला हवी होती. मी चुकलो.

फरशीच्या लाकडी पट्ट्या काढून लोकांना वाटताहेत. मी फ्री थ्रोच्या रेषेची मागितली. थोडा पांढरा रंग आहे तिच्यावर. ती सोबत पाठवतो. १ मेपासून हॉल पाडायला घेणार आहेत.

तब्येतीस जपून राहा. कळावे, हे आशीर्वाद.

बाबा


मिनाओ,
२९ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र आणि पट्टी दोन्ही मिळाली. पट्टी टेबलावर ठेवली आहे आणि जेवण दोन दिवस जमिनीवर बसून करतोय.

आधी एक खोटं कबूल करतो. २० तारखेला स्पर्धा नव्हती. मी घरीच होतो. सामना कितीला सुरू होतो ते मला ठाऊक होतं आणि मी दिवसभर कपडे धुतले, धुतलेलेसुद्धा.

दुसरं खोटं त्याहून जुनं आहे. त्या सामन्याच्या आठ दिवस आधी माझा उजवा गुडघा गेला होता. डॉक्टरांनी खेळू नको म्हणून बजावलं होतं. मी प्रशिक्षकांपासून लपवलं, कारण हामानोत तुमच्यासमोर एकदा खेळायचं होतं. आठवडाभर सरावात माझे फ्री थ्रो तोकडे पडत होते. पाय वाकतच नव्हता. त्या दिवशीही चेंडू हातातून सुटतानाच मला कळलं होतं, पोचणार नाही. मग कपडे बदलायच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, काय बाप आहे रे तुझा! आणि मी मान खाली घातली. गुडघ्याबद्दल कळलं असतं तर सगळे मलाच बोलले असते. ढोलावर ढकलणं सोपं होतं. नंतर मलाही ते खरं वाटायला लागलं, आणि तुम्ही तिकडे काठ्या पिशवीत घालून बसलात. तीन वर्षं बाबा. माझ्या एका खाली घातलेल्या मानेपायी.

ढोल वाजला याचं वाईट वाटलं होतं, ते खोटं म्हणणार नाही. पण तुम्हाला शिक्षा झाली ती माझ्या चुकीची. ताईला सांगा, तिचा अर्धा हिस्सा तिला परत. तिला तो वाटून घ्यायची गरज नाही.

मी ३ मेला सकाळच्या गाडीनं येतोय. तोवर हॉलचं छप्पर उतरलेलं असेल. ज्या दारातून यायला हवं होतं ते दार नसेल, ही माझीच करणी. घरचं दार आहे, तेवढं उघडं ठेवा. आणि शिगेतोकडून एका दिवसासाठी ढोल मागून आणा. तो घाई करतो म्हणता, तर त्याला थोडं शिकवा.

काल क्लासच्या हॉलमध्ये कुणी नसताना गेलो. तुम्ही पाठवलेली पट्टी पायांपुढे ठेवली आणि दोन फ्री थ्रो टाकले. अगदी शांत होतं. पहिला चुकला. दुसराही चुकला. कुणीही ढोल वाजवत नव्हतं, बाबा.

दाराशी आलो की ओळखून घ्याल, एवढाच जिव्हाळा मागतो.

आपला,
तेप्पेई