प्रयागबाईचा बटनवाला फोन

५ जानेवारी, मेडशी
पोहोचलो एकदाचा! सप्त्याचे करतेधरते बबनराव मोठा दिलदार माणूस, आल्या आल्या पोळी-तुरीच्या वरणावर बसवलं. काम सोपं. दुपारचं कीर्तन लॅपटॉपवरून लाइव्ह दाखवायचं. एकच कटकट. माइकच्या वायरीजवळ फोन आला, की वाजायच्या आधीच आवाजात टरर-टरर घुसते. म्हणून माहा हुकूम: सारे फोन पत्र्याच्या पेटीत, माह्याजवळ!

६ जानेवारी
फोन बंद करून घेतले. कीर्तनाले आलेल्या प्रयागबाईचा बटनवाला तेवढा चालू. मालक, म्हणजे तिचा नवरा जगदेवभाऊ, शेतात एकटेच हरभऱ्याले पाणी देऊन राह्यले, फोन आला तर आणून दे बाप्पा, म्हणे. मी हो म्हटलं.
चार वाजता कीर्तन रंगात, अन् टरर-टरर. पेटी उघडली. 'निकिताचे बाबा', म्हणजे जगदेवभाऊच. चारशे लोक पाहून राह्यले, मी कायले उठतो? कापला. परत आला, परत कापला. तिसऱ्यांदा बॅटरीच काढली.
मंग बॅटरी टाकून फोन देऊन दिला. कॉल आल्याचं सांगितलं नाही.

७ जानेवारी
जगदेवभाऊ गेले. काल शेतातच छातीत कळ आली. धुऱ्यावर, बांधाच्या कडेले सापडले, फोन पाण्याच्या दांडात भिजून बंद. प्रयागबाई रडून राह्यली, शेवटच्या वक्ती मले एक फोनही नाही केला म्हणे. तिच्या फोनातले ते कॉल मीच पुसले होते, बोलणी खावी लागू नये म्हणून. थू माह्या जिंदगानीवर.

८ जानेवारी
आज एकही फोन मंडपात नाही. पेटी रिकामी. तरी चार वाजता टरर-टरर. वायरी बदलल्या. तरी.

९ जानेवारी
परत चार वाजता. हेडफोनात मागून कोणी धापा टाकते. मंग बारीक आवाज — निकिताची माय, उचल वं —

१० जानेवारी
आज बाईले सांगतोच.
दारापर्यंत गेलो. तिनं पाणी दिलं. पिऊन परत आलो. भेकड लेकाचा.

११ जानेवारी, चार वाजून गेले
टरर — थांबतच नाही —
निकिता, त्यायची पोरगी, घरून मोबाइलवर पाहून राह्यली. लाइव्हखाली लिवलं — हा आवाज तर माह्या बाबांचा —
प्रयागबाई आली. सुतकात, अनवाणी, मंडपात. हेडफोन मागते. माह्या कानात तो — आता तिले नाही, मले बोलते — कापू नको, भाऊ, कापू —
दिला. ऐकून राह्यली. माह्याकडं पाहते. विचारते, काहून कापला —
काय सांगू — माहा हात आपोआप वायरीकडं — मी नाही नेत — वायर उपटाले — परत कापाले —