दिवाणातली वाळवी

२ जून, सकाळी
आजपासून या घरात प्लास्टिक बंद. बंद म्हणजे बंद. काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये शेजाऱ्यांच्या कचऱ्यातलं वेफर्सचं पाकीट मी सगळ्यांसमोर वर धरलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आमच्या डब्यात फळाभाज्यांच्या सालींशिवाय काही सापडणार नाही, हेही ठणकावून सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, मग पंधरा तारखेला कमिटी तुमचं आदर्श घर बघायला येईल. टाळ्या पडल्या. घरी येऊन आमचा डबा तीनदा तपासला, अर्थात उत्साहात.

घरी बायको आणि सातवीतली कन्या, दोघींना समोर बसवून नियम सांगितले. कोणी चकार शब्द काढला नाही. पटलं की माणसं गप्प होतात.

४ जून
कापडी पिशवी घरी विसरली. तत्त्व मोडायचं नाही, म्हणून साखर हेल्मेटमधून आणली. चौकात पोलिसाने अडवलं. पृथ्वीसाठी करतोय, असं सांगितलं. त्याने आधी हेल्मेटमध्ये डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे, मग पावती फाडली. हेल्मेटमध्ये आता मुंग्या झाल्यात. मुंग्या म्हणजेसुद्धा निसर्गच.

६ जून, संध्याकाळी
क्रीमची बिस्किटं. एकच पुडा. जिन्याखाली उभं राहून संपवला आणि मग दरदरून घाम फुटला. कागद टाकायचा कुठे? खालच्या डब्यावर सेक्रेटरींची नजर, घरच्या डब्यावर माझीच. रस्त्यावर टाकायला मी काय रानटी आहे? शेवटी हॉलमधल्या दिवाणाची फळी उचलली आणि आतल्या जुन्या चादरींखाली सरकवला. तात्पुरता.

९ जून
बांबूचा टूथब्रश मोडला. केस दातांत, दांडी हातात. नवा आणला, तो नेमका प्लास्टिकच्या वेष्टनात. दिवाणात. ब्रेडची पिशवी, दिवाणात. पुन्हा बिस्किटं (शेवटची), दिवाणात. आज फळी नीट बसेना. इतकं मी खाल्लं? टेन्शनमध्ये आठवत नसेल. तेवढ्यात मागून बायको आली. माझा जीव टांगणीला. पण तीच माझ्याहून जास्त दचकली. घरात आपला धाक आहे, हे बरं.

११ जून
सासूबाई राहायला आल्या. दुपारी दिवाणावर लवंडल्या. कूस बदलली की आतून चुरचुर, चुरचुर. हा कसला आवाज, असं त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, वाळवी. बायको लगेच म्हणाली, हो, मीही ऐकली. कन्येने तर भुसाही पाहिला होता म्हणे. थाप मारावी तर अशी, साक्षीदार आपोआप मिळतात.

१३ जून
तोंडचं पाणी पळालं. सासूबाईंनी परस्पर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. कधी, तर पंधरालाच. विषारी फवाऱ्यावर मी चांगलं लांबलचक बोललो. किडामुंगीलाही जगायचा हक्क आहे, वगैरे. बायको आणि कन्या माझ्याहून तावातावाने बोलल्या. ऊर भरून आला. दहा-बारा दिवसांत काय हे परिवर्तन!

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, हक्क वाळवीचा असेल, दिवाण माझ्या लेकीचा आहे."

१५ जून, सकाळी
कमिटी यायच्या आत सगळं पोत्यात भरून हलवायचं, असा बेत. पण सासूबाई उठल्यापासून दिवाणावर पेपर घेऊन बसल्यात. बाहेर छान हवा आहे म्हटलं. खिडकीतून येतेय की, म्हणाल्या. बेल वाजली.

१५ जून, दुपारी
पेस्ट कंट्रोलवाला आणि कमिटीतर्फे एकटे सेक्रेटरी एकाच लिफ्टने आले. फळी उघडली. आतलं सगळं उसळून वर आलं. मी डोळे मिटले.

उघडले तर समोर शॅम्पूच्या पुड्या. मी साबण लावतो. तिखट वेफर्सची पाकिटं. मला ॲसिडिटी. हे माझं नाही, असं म्हणालो, आणि बाकीचं कोणाचं हे आपसूकच कळलं. बायको खाली बघत होती. कन्येचे डोळे भरले होते.

"बाबा, डब्यात दिसलं असतं तर तुम्ही मीटिंगमधल्यासारखं वर धरलं असतं."

सेक्रेटरींनी फळी हलकेच लावली, माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "आमचं माळ्यावर आहे." पेस्ट कंट्रोलवाल्याने वाळवी कुठेच नाही असं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, आणि पुन्हा बसल्या.

१६ जून, सकाळी
रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. इतके दिवस मी सगळ्यांना घाबरत होतो, आणि या दोघी मला. आता ठरवलंय, ओरडायचं नाही, धाक दाखवायचा नाही, हसतमुख राहायचं. हसतमुख होऊन स्वयंपाकघरात गेलो. बोलणं थांबलं. कन्येने पटकन हात मागे नेला.

काय आहे, असं शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं. तिने हात हळूच पुढे केला. केळ्याची साल होती.

"ही तरी टाकू ना, बाबा?"