डोंगरधारेवरची मोजणी

वहिनी, पाया पडतो.

दादा पाय घसरून दरीत गेला, एवढंच मी फोनवर बोललो. बाकीचं सांगितलं नाही. जंगलातल्या धारेवरून सहलीच्या पाहुण्यांना वाट दाखवत नेताना मी पुढे होतो, दादा शेवटी. एका बाईंची टोपी मागे राहिली. "मी आणतो. थांब जरा, पळू नकोस घोड्यासारखा," दादा ओरडला. धुकं उतरायला लागलं. मला कुठे दम निघतो! सवयीनं डोकी मोजली, बारा पाहुणे भरले, निघालो. आपल्या माणसाला आम्ही मोजतच नाही. खाली चहा ओतला, तेव्हा एक कप उरला.

तुम्ही म्हणालात, "भावोजी, शेवटी तुम्ही जवळ होतात, तेवढाच आधार."

मी जवळ नव्हतो, वहिनी. हे पत्र टाकलं तर तुमचा तेवढाही आधार जाईल. म्हणून टाकत नाही.

तुमचा घायकुता दीर