पडद्यामागचं गाव

९ फेब्रु. ६९, नंदुरबार
पुण्याचा तो फोटोग्राफर सामंत परत माझ्या फोटोच्या दुकानात. तापीकाठची गावं धरणात जायच्या आधी त्यांचे फोटो काढत फिरतोय. माणसं नाहीत, नुसती जागा. माझं गावही त्यातलंच. मला सांगतो, तुमच्या गावात उतरलोय, काय जागा आहे हो! गाव माझं आणि कौतुक याला. नुसता जळफळाट. चहा पाजला तरी.

११ फेब्रु.
रोल धुवायला टाकून गेला. इथं अंधारखोली माझीच, जाणार कुठं? धुताना मधेच दार उघडायचा अवकाश, उजेड शिरून सगळं काळं. आला मनात विचार. खोटं कशाला लिहू?

१२ फेब्रु.
धुतले. नीटच धुतले, हात ऐकेनात. पहिल्याच छापात आमचा ओटा, कडेला मायचं जातं, मागं तापी. काय काढलाय लेकाच्यानं!
मग माझे जुने फोटो बाहेर काढून बघत बसलो. गावातली सगळी लग्नं मीच काढली. प्रत्येकात मागं माझा रंगीत पडदा. तळं, हंस, संगमरवरी जिना. त्याशिवाय कुणी उभंच राहायचं नाही. "पडदा लाव भाऊ, भित नको दिसाले." एवढ्या फोटोंत गाव कुठंच नाही. मीच झाकलं.

१३ फेब्रु.
छाप वाळत होते. माय आली. गाव सोडून माझ्याकडे आल्यापासून फारशी बोलत नाही. ओट्याच्या फोटोपुढे थांबली.
"हाऊ ते आपला वटा शे. कोनी काढा रे?"
"मी."
गेलं तोंडातून. रडली. माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. माझ्या फोटोंना कधी एवढं...

१४ फेब्रु.
गावी गेलो, पडदा न घेता. म्हटलं, तसाच एक आपला काढू, मग खोटं राहणार नाही. पण थोरल्या दादानं नव्या जागी न्यायला घर उतरवलंय. खांब-वासे गाडीत भरून झाले, ओट्याचे दगडसुद्धा उपटून नेले. तिथं खड्डा. रोल तसाच परत.

१५ फेब्रु.
तो फोटो मायनं देवांजवळ टांगलाय. सामंत उद्या सकाळी छाप न्यायला येणार, हे तिला कळलंय. पुण्याचा एवढा मोठा माणूस, त्याला दाखवायला फोटो घेऊन दुकानात बसणार म्हणते.
"त्याले सांगसू, मन्हा पोऱ्यानी काढेल शे."
उद्या दुकान उघडावं की नाही, ठरत नाही.