पोटावरचा हात

१८ नोव्हेंबर २००७, रविवार

आज बदलापुरात राहायला आलो. हेंद्रेपाडा, तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. गॅलरीतून डोंगर दिसतो. उल्हासनगरच्या पत्र्याच्या घरात सहा माणसांमागे एक खिडकी होती आणि तीही सिंधी शेठच्या गोदामावर उघडायची. इथे मी सकाळपासून चार वेळा गॅलरीत जाऊन आले, काही काम नसताना.

राजरत्नने टेम्पोवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं की बायकोला सहावा लागतोय. त्यामुळे मला एक पिशवीही कुणी उचलू दिली नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मी नुसते हुकूम सोडले. आधी बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो लावला, वंदना म्हटली, मग शेवयांची खीर केली. नाना, म्हणजे माझे वडील, अंबरनाथहून आले होते. दोन वाट्या खीर खाल्ली आणि नळ गळतो का ते सगळीकडे तपासून गेले.

ही डायरी राजरत्नला कंपनीतून मिळाली होती, कोरीच पडून होती. मी लिहायचं ठरवलंय. माझी आई मी नववीत असताना गेली. पोटुशी असताना काय काय होतं, हे विचारायला मला कुणी नाही. माझ्या मुलीला तरी वाचायला मिळेल. राजरत्न म्हणाला, मुलगा झाला तर? मग त्यानेही वाचावं.

चार वर्षं वाट पाहिलीय. पोटात माशासारखं सळसळतं. डावीकडे दोन लाथा लागोपाठ, मग थांबून एक. राजरत्न हात ठेवून बसतो आणि मोजतो.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

समोरच्या दारातल्या काकू आल्या होत्या. सुहासिनी काकू. त्रेपन्न वर्षांच्या. चिंतामणी काका कारखान्यातून निवृत्त झालेत, दिवसभर पेपर वाचतात. मूलबाळ नाही, हे काकूंनी पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं, बाजारातला भाजीचा भाव सांगावा तसं.

शिंगाड्याच्या पिठाचे लाडू आणले होते. मी आपलं आधीच सांगून टाकावं म्हणून म्हटलं, काकू, आम्ही बौद्ध आहोत. त्या म्हणाल्या, "फोटो दिसला की मला. चहा टाक, साखर कमी." आणि खरंच चहा प्यायल्या, वर अर्धा कप आणखी मागितला. अंबरनाथला आमच्या शेजारणीने बारा वर्षांत आमच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. आई शेवटपर्यंत ते विसरली नाही.

जाताना काकूंनी विचारलं, पोटाला हात लावू का? मला नाही म्हणायचं सुचलंच नसतं. हात ठेवला तशी आत एवढ्या जोरात लाथ बसली की मी खुर्चीचा दांडा धरला. काकूंचे डोळे भरून आले.

६ डिसेंबर, गुरुवार

राजरत्न आणि नाना पहाटेच दादरला गेले. गर्दीत नको म्हणून मला ठेवून गेले. पहिल्यांदाच या दिवशी मी घरी आहे.

बारा वाजता लोडशेडिंग सुरू झालं. काकू जेवून आल्या, म्हणाल्या एकटी कशाला राहतेस. पंखा बंद, दुपार कशी अगदी थांबल्यासारखी. त्यांनी हात ठेवला आणि मला झोप लागली. चारला दिवे आले तेव्हा जाग आली. हात तिथेच होता. तीन तास तरी. काकूंचे ओठ हलत होते. मी पाहतेय हे कळल्यावर हसल्या. म्हणाल्या, "फार बोलतो गं हा."

हा कशावरून, असं मी विचारलं. त्यावर त्या उठून पदर सारखा करायला लागल्या.

१५ डिसेंबर, शनिवार

दोन दिवस बाळ गप्प आहे. राजरत्न काल अर्धा तास हात ठेवून बसला, काही नाही. तो हिरमुसला, पण दाखवलं नाही. सकाळी काकू आल्या, हात ठेवला, लगेच डावीकडे दोन, मग एक. राजरत्न म्हणतो, बाळ आत्तापासूनच फितूर झालंय. मीही हसले.

दुपारी मी स्वतः हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

२७ डिसेंबर, गुरुवार

अंबरनाथच्या डॉक्टरबाईंकडे गेलो होतो. सोनोग्राफीत बाळ बावीस आठवड्यांचं दिसतं, ठोके छान आहेत, असं त्या म्हणाल्या. माझ्या हिशेबाने सत्तावीस होतात. त्या म्हणाल्या, तारीख लक्षात ठेवण्यात चूक झाली असेल, बऱ्याच जणींची होते.

माझी नाही होणार. चार वर्षं मी प्रत्येक महिन्याची तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवलीय.

९ जानेवारी २००८, बुधवार

भांड्याला ठमाबाई येते, चामटोलीहून. काकूंकडेही तीच काम करते. आज फरशी पुसता पुसता माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "बाय, तुजं पोट उतारल्यासारकं दिसतंय." गाऊन सैल झालाय हे मलाही कळत होतं. पायांची सूज गेली. चिंच खावीशी वाटत नाही.

मग ठमाबाईनेच सांगितलं की काकूंना सकाळी उमासे येतात. काकांनी परवा कैऱ्या शोधत स्टेशनपर्यंत पायपीट केली, जानेवारीत. ती हसत सांगत होती.

संध्याकाळी काकू दारात चपला घालत होत्या. एक हात कमरेवर, पाठ मागे टाकलेली. मी तशी उभी राहायचे.

१६ जानेवारी, बुधवार

काल आणि परवा मी दार उघडलं नाही. काकूंनी बेल वाजवली, हाका मारल्या, मी स्वयंपाकघरात खाली बसून राहिले. आज चिंतामणी काका आले. बिचारे दारातच घुटमळत उभे. म्हणाले, ती दोन दिवस जेवली नाही, तिचं काही चुकलं का?

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू मागेच होत्या. आत आल्या आणि नेहमीच्या जागी बसल्या.

काय सांगणार होते मी? हात लावू नका? हे वाक्य माझ्या घरातल्या माणसांनी जन्मभर ऐकलंय. ते माझ्या तोंडातून दुसऱ्याला जाईना. मी पदर बाजूला केला.

२४ जानेवारी, गुरुवार

बाळ चौदा आठवड्यांचं आहे. एकतिसाव्या आठवड्यात.

डॉक्टरबाईंनी मशीन दोनदा लावून पाहिलं. आधी वैतागल्या. मग जुने रिपोर्ट परत परत चाळले. पुन्हा पंधरा दिवसांनी या म्हणाल्या.

रिक्षात मी राजरत्नला सगळं सांगितलं. हात, लाथा, काकूंचे उमासे. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, हे नानांना सांगू नकोस. नाना अकरा वर्षांचे होते, छप्पन साली, तेव्हा आजोबांबरोबर देव्हारा उचलून त्यांनी स्वतःच्या हातांनी नदीत सोडला. त्यांची मुलगी चेटूक म्हणते.

तो रागावून बोलला नाही. त्याचंच वाईट वाटलं.

३० जानेवारी, बुधवार

ठमाबाईकडून काळा दोरा मागून घेतला. तिने कुणाकडून तरी मंतरून आणला. तिला सांगितलं, कुणाला बोलू नकोस. फोटोंकडे पाठ करून कमरेला बांधला. आपण काय करतोय याची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

३१ जानेवारी

सकाळी उठून उभी राहिले तर दोरा पायांत पडला. तुटला नव्हता. गाठ होती तशीच.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

काही नाही. पिशवी रिकामी आहे. लघवी तपासली, रक्त तपासलं. डॉक्टरबाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाल्या, कधी कधी बाईला मूल इतकं हवं असतं की शरीरच सोंग करतं. आधीच्या रिपोर्टांचं विचारलं तर म्हणाल्या, सोनोग्राफीवाल्यांनी नावांची अदलाबदल केली असणार, मी त्यांना जाब विचारते.

राजरत्न रिक्षात रडला. माझा हात सोडला नाही. मी विचारलं, उल्हासनगरला तू मोजायचास ना लाथा? दोन आणि एक?

तो म्हणाला, "गॅस असेल गं, यशू."

१७ फेब्रुवारी, रविवार

काकूंचं डोहाळजेवण. सगळी बिल्डिंग आली होती. त्रेपन्नाव्या वर्षी देवाने दिलं, असं प्रत्येक जण म्हणत होतं. कुणालाही नवल वाटत नव्हतं. हिरवी साडी, फुलांची वाडी, आणि पोट — पुरं, गोल, पदराखाली मावत नव्हतं.

मी जाणार नव्हते. राजरत्न म्हणाला, नाही गेलीस तर लोक म्हणतील जळते. ओटी भरायला माझं नाव पुकारलं तेव्हा बायकांनी वाट करून दिली. कुणीतरी पाठीवरून हात फिरवला, तुझंही होईल म्हणाली.

वाकले तशी काकूंनी माझं मनगट धरलं आणि हात त्यांच्या पोटावर ठेवला. स्वतःहून.

डावीकडे दोन. मग थांबून एक.

काकू माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत कपट नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं.

२ मार्च

नानांकडे आठ दिवस राहून आले. नानांनी रोज स्वतः भाकऱ्या थापून खाऊ घातल्या. शेवटच्या दिवशी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसत राहिले. म्हणाले, "पोरी, मला हे पटायचं नाही. पण तू खोटं बोलत नाहीस, एवढं कळतं."

राहा म्हणाले. मी परत आले. माझं बाळ इथे आहे. मी लांब कशी राहू?

२८ मार्च, शुक्रवार

अकरा वाजता कळा सुरू झाल्या. मला.

त्याच वेळी खाली टॅक्सी आली. काकू जिना उतरून गेल्या, कठड्याला हातही न लावता. जाताना माझ्या दाराकडे बघून हसल्या.

राजरत्न पहिल्या पाळीला. ठमाबाई होती. मी फरशीवर लोळत होते, तिचा हात चावला. ती म्हणत राहिली, बाय, पाळीचं दुकतंय, पाळीचं. तिने आठ बाळंतपणं पाहिलीत. शेवटी घाबरून तिने माझे गुडघे धरले. काही येईना. येण्यासारखं काही नव्हतंच.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी सगळं थांबलं. नळ बंद करावा तसं.

चार वाजता काकांचा फोन. मुलगा. तीन चाळीस. सुहासिनीने हूं की चूं केलं नाही.

१ एप्रिल

बाळाला घरी आणलंय. समोरून रडणं ऐकू येतं. पहिल्या आवाजालाच माझा ब्लाउज भिजला. दूध.

काकूंना दूध नाही. बाटलीतलं तो थुंकतो.

दुपारी काकू घेऊन आल्या. मांडीवर ठेवला. "घे. उपाशी आहे." राजरत्नसारखे कान. माझ्या आईसारखी जिवणी. मी पाजलं. हिसकावून घ्यावा, पळून जावं असं मनात आलं. उठायला गेले तर पाय — पाय उचललेच नाहीत. काकूंनी त्याला सहज घेतला आणि गेल्या.

४ एप्रिल

दिवसातून आठ वेळा. प्रत्येक वेळी नंतर भिंतीला धरून उठते. बांगड्या कोपरापर्यंत जातात.

राजरत्नला बरं वाटतं. माझं मन रमतंय म्हणतो. बाळाला मांडीवर घेऊन त्याच्या लाथा मोजतो आणि मोजताना त्याचा चेहरा — मध्येच त्याला काहीतरी आठवल्यासारखं होतं. मग जातं.

७ एप्रिल

वजन छत्तीस. डॉक्टरबाईंनी सलाईन लावलं, गोळ्या दिल्या. पाजणं बंद करा म्हणाल्या. दुसऱ्याच्या मुलाला कशाला, म्हणाल्या.

दुसऱ्याच्या.

तो दहा दिवसांचा आहे. मान धरतो.

९ एप्रिल

काकू आता बोलवत नाहीत. दार नुसतं उघडं ठेवतात. तो रडतो, आणि मी समोर बसलेली असते. मधला जिन्याचा भाग ओलांडल्याचं आठवत नाही.

काकूंचा हात परवापासून माझ्या खांद्यावर असतो. पाजताना. ओठ हलतात.

१० एप्रिल

नाना येतो म्हणाले. फोनवर माझा आवाज ओळखला नाही त्यांनी, दोनदा विचारलं कोण बोलतंय. उद्या सकाळी येतात, मला घेऊन जायला. जाईन म्हटलं. खरंच जाईन.

पेन धरवत नाही. अक्षर असं —

११ एप्रिल

राजरत्न कामावर. कडी लावलीय आतून. नाना निघाले असतील. नऊची गाडी. म्हणजे दहापर्यंत —

रडतोय. जाणार नाही. कान दाबून घेतले तरी — दूध खाली मांडीवर, डायरीवर —

थांबला.

नाही. थांबला नाही, दमलाय. कुणी घेत का नाही त्याला. काकू आहेत ना तिथे, दिसताहेत, नुसत्या बसल्या —

दिसताहेत. म्हणजे दार उघडं आहे. कडी मी —

नानांची पावलं असतील खाली. दुसऱ्या मजल्यावर. हळू चढतात ते, गुडघे दुखतात. एवढ्यात येतील. तेवढ्यात एकदाच पाजते, शेवटचं, आणि ते आले की लगेच मी त्यांच्याबरो