वाटाड्याचं शेवटचं प्रकरण

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि तुमची वही मी आज पहिल्यांदा नीट वाचली. मुलांसाठी लिहायला घेतलेलं ते अमेरिकन वाटाड्याचं चरित्र. शेतकऱ्याचा जेमतेम शिकलेला मुलगा बंदूक खांद्यावर टाकून डोंगर ओलांडतो, मागून येणाऱ्यांसाठी जंगलातून वाट पाडतो. शाळेत असताना मी निबंधात ‘त्याने निर्मनुष्य प्रदेश शोधला’ असं लिहिलं, तर तुम्ही कणीक मळता मळता ओरडला होतात, “निर्मनुष्य कसला? तिथे माणसं राहत होती, त्यांचीच जमीन होती ती. खोड ते.” पुढे त्या लोकांनी त्याला पकडून नेलं, तो परतेपर्यंत बायको त्याला मेला समजून माहेरी निघून गेली, हेही वहीत आहे. शेवटी त्यानेच दाखवलेल्या मुलखात त्याच्या नावावर जमीन उरत नाही आणि म्हातारपणी तो पुन्हा पश्चिमेला निघतो. तिथे वही थांबते. का थांबते, ते मला माहीत आहे.

तुम्ही पुण्याहून आमच्याकडे परदेशी राहायला आलेले, तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटवर. मी वन-नॉर्थला ऑफिसात. तुमच्या नातीचा फोन येतो, “आई, आजोबा नॉट ॲट होम, लाह. मोबाइल इथेच आहे.” तुमची शुगर, जेवणाची वेळ टळलेली, बाहेर भाजून काढणारं ऊन. घरी पोचल्यावर खालची दुकानं, हॉकर सेंटरमधले खाण्याचे ठेले, लायब्ररी, सगळीकडे आम्ही दोघी धावत फिरलो. कुणीच तुम्हाला पाहिलं नव्हतं. मग तिला आठवलं, सकाळी तुम्ही मॅकरिचीचं जंगल कुठल्या बाजूला ते विचारलं होतं. तिथल्या पायवाटेने तासभर हाका मारत गेलो, आणि एका वळणावर तुम्ही झाडाच्या मुळावर बसलेले. ओठ पांढरे, गुडघा फुटलेला.

“कुणाला न विचारता किती जाता येतं, बघत होतो,” तुम्ही म्हणालात. “त्याच्या म्हातारपणाचं लिहायचंय ना.”

मी येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर किंचाळले, “रिटायर्ड मास्तर आहात तुम्ही, बाबा! स्वतःला समजता कोण?” नातीने दिलेला ज्यूस तुम्ही प्यायलात. त्यानंतर पुण्याला परत जाईपर्यंत तुम्ही वही उघडली नाहीत, आणि त्याच वर्षी गेलात.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. टॅक्सीत तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलं होतं, “फोन आल्या आल्या निघालीस का गं?” मी हो म्हटलं. नव्हते निघाले. मीटिंग चालू होती. असतील इथेच खाली कुठेतरी, असं म्हणून मी फोन पालथा ठेवला आणि ती संपेपर्यंत पाऊण तास बसून राहिले.